चौकटीत जाती जास्त भरल्या, मग बिघडलं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सॅव्हाना वनात, म्हणजे गवत आणि विखुरलेली झाडं असलेल्या रानात, तुम्ही चाळीस चौकटी, म्हणजे मोजणीसाठी आखलेले तुकडे, मोजल्या. वीस राखीव क्षेत्राच्या आत, वीस बाहेर, जिथे गावकरी लाकूड तोडतात, गुरं चारतात, अधूनमधून शेत काढतात. झाडं-झुडपं मिळून बाहेरच्या चौकटींत जाती जास्त भरल्या. मार्गदर्शक म्हणतात मोजणीत चूक झाली. तुम्ही विचारता, माणसाच्या वावराने झाडांची विविधता घटते हे मग खरं की खोटं?

मोजणी चुकली असेलच असं नाही. आफ्रिकेतल्या सॅव्हानात काम करणाऱ्या अनेकांच्या पदरात असा निकाल पडला आहे, माझ्याही. पहिल्या वेळी मी आठवडाभर वह्याच तपासत बसलो होतो. आकडे बरोबर होते, ‘जाती किती’ एवढ्याच प्रश्नावर थांबणं चूक होतं. सॅव्हानातलं झाड सहजासहजी मरत नाही. तोडलं तरी फुटतं, जाळलं तरी फुटतं, आणि यादीत त्याचं नाव टिकून राहतं. माणसाचा हात आधी उंचीत दिसतो, मग वयात, मग कोणती जात कुठे सापडते यात. यादीतलं नाव सगळ्यात शेवटी गळतं, आणि तोवर पन्नास वर्षंही गेलेली असू शकतात.

आधी तुलनेबद्दल बोलू, कारण निम्मी भानगड तिथेच असते.

राखीव क्षेत्र आणि गावरान, म्हणजे गावाच्या वापरातलं रान, ही एकाच जमिनीची दोन रूपं आहेत असं आपण धरून चालतो. ती तशी क्वचितच असतात. लोक पाणी आणि बरी माती पाहून वस्ती करतात. आफ्रिकेतली बरीच अभयारण्यं उरलेल्या जागेवर झाली: माती हलकी, पाणी दूर, किंवा त्सेत्से माशीमुळे गुरं टिकत नाहीत अशी. त्यातून सॅव्हानात उतारागणिक माती बदलते. वर माथ्याला वाळूसर, खाली ओहोळाकडे काळी चिकट. माथ्यावर रुंद पानांची झाडं, खाली बारीक पानांची काटेरी. तुमच्या आतल्या वीस चौकटी माथ्यावर आणि बाहेरच्या उतारावर पसरलेल्या असतील, तर तुम्ही माणसाचा परिणाम मोजलाच नाही, मातीचा मोजला. चौकटींच्या नोंदीत उताराची जागा आणि मातीचा पोत लिहिला असेल अशी आशा आहे. नसेल तर परत जाऊन लिहा.

दुसरी भानगड निव्वळ गणिताची. आतल्या चौकटीत मोठी झाडं, म्हणून संख्येने कमी. बाहेर तोडीनंतर फुटलेली पोरं, म्हणून संख्येने कितीतरी जास्त. शंभर झाडांत जितक्या जाती सापडतील त्यापेक्षा चारशे झाडांत जास्त सापडणारच, मग रान कुठलंही असो. म्हणून तुलना समान क्षेत्रावर न करता समान झाडसंख्येवर आणून करा. आणि त्याहून आधी स्वतःला विचारा, एका खुंटावरचे सात फुटवे तुम्ही एक झाड धरलंत की सात? मी स्वतः एका हंगामात हा घोळ घातला आहे. मदतनिसांच्या दोन जोड्या दोन पद्धतींनी मोजत होत्या आणि ते तिसऱ्या आठवड्यात कळलं.

तिसरी भानगड नावांची. जुन्या ‘अकेशिया’ या प्रजातीची २००५ च्या व्हिएन्ना वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर फाळणी पक्की झाली, २०११ मध्ये मेलबर्नला तिच्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. आफ्रिकेतल्या बाभळी आता ‘व्हॅचेलिया’ आणि ‘सेनेगॅलिया’ या दोन नावांखाली गेल्या. राखीव क्षेत्राची यादी जुन्या पुस्तिकेवरून आणि बाहेरची नव्या नावांनी केली असेल, तर एकच झाड दोनदा मोजलं जातं. हसू येईल, पण मी परीक्षक म्हणून असे तक्ते पाहिले आहेत.

हे सगळं चाळून झाल्यावरही बाहेर जाती जास्त भरल्या, तर मात्र निकाल खरा आहे आणि त्याचं कारण शोधायला हवं.

सॅव्हाना वन म्हणजे विरळ झालेलं जंगल नव्हे. इथे झाडांच्या छत्रातून ऊन खाली पोचतं, खाली गवत दाट वाढतं, कोरड्या ऋतूत ते पेटतं, आणि त्या आगीत तग धरू शकणारी झाडंच इथली. त्यांची साल जाड, मुळं खोल, आणि जमिनीलगतच्या गाठीत पुन्हा फुटायची ताकद साठवलेली. झांबिया, अंगोलाच्या वाळूत तर काही झाडं जवळजवळ पूर्ण जमिनीखाली राहतात. वर वीतभर फांद्या, खाली वर्षानुवर्षं जुनं लाकडी खोड. अभ्यासक त्याला जमिनीखालचं रान म्हणतात. मोजणारे त्यांना गवतात गणून सोडून देतात. तुम्हीही १.३ मीटरवर घेर मोजायची जंगलातली रीत वापरली असेल, तर ती आणि बहुतेक झुडपं तुमच्या वहीत आलीच नसणार.

आता गावाच्या आसपास पाहा. एक तुकडा पाच वर्षांपूर्वीचा पडीक, शेजारी कालपरवा तोडलेला, पलीकडे देवाचा म्हणून राखलेला, मधे जुन्या गोठ्याची जागा. प्रत्येक तुकड्यात वेगळा गोतावळा. सगळे मिळून यादी लांबते. शिवाय माणूस झाडं आणतो आणि राखतो. दक्षिण आफ्रिकेत नाइल्सव्हली इथे रुंद पानांच्या सॅव्हानात मधेमधे बारीक पानांच्या काटेरी झाडांची बेटं आहेत. ती त्स्वाना लोकांच्या जुन्या वस्त्यांच्या जागी उभी आहेत. गुरांच्या शेणाने तिथली माती सुपीक झाली, वस्ती उठून कित्येक पिढ्या झाल्या, तरी झाडं अजून तीच. केनियात नारोक भागात सुमारे दीड ते पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्यांच्या गोठ्यांच्या जागा आजही वेगळ्या दिसतात, तिथे मोकळं हिरवं गवत असतं. तेव्हा ‘माणसाचा स्पर्श नसलेलं सॅव्हाना’ असं काही आपल्या हाताशी तुलनेला नाही. राखीव क्षेत्रही जुन्या वस्तीवर कुंपण घालूनच झालेलं असतं.

म्हणून मला विचाराल तर माणूस आहे की नाही हा प्रश्न सोडा आणि कुऱ्हाड किती उंचीवर पडते, आग कोणत्या महिन्यात लागते, नांगर किती खोल जातो, हे विचारा. उत्तरं तिथे आहेत.

कुऱ्हाडीपासून सुरुवात करू. झांबियाच्या उत्तरेला बेंबा लोकांची चितेमेने नावाची शेती आहे. पुरुष झाडावर चढून फांद्या छाटतात, खोड उभंच ठेवतात. छाटलेल्या फांद्या मोठ्या वर्तुळातून मधल्या छोट्या शेतावर आणून रचतात, पेटवतात आणि राखेत नाचणी पेरतात. शेतापेक्षा कितीतरी पट मोठा परिसर छाटला जातो. वरून पाहिलं तर भयंकर दिसतं, वसाहतीच्या काळातल्या अधिकाऱ्यांना तर ते उधळपट्टीच वाटायचं. पण खोड जिवंत आणि फुटवा आगीच्या ज्वाळेच्या वर, त्यामुळे पंचवीस-तीस वर्षांत रान बरंचसं मूळ जातींसह परत येतं. अट एकच, तेवढी वर्षं मिळायला हवीत. लोकसंख्या वाढली, जमीन बांधली गेली, पडीक काळ दहा वर्षांवर आला, की तीच पद्धत झाडांना खाऊ लागते.

कोळशाची तोड वेगळी. ती जमिनीलगत होते आणि जड लाकडाच्या मागे जाते. मिओम्बो नावाच्या रानात, म्हणजे टांझानियापासून अंगोलापर्यंतच्या पट्ट्यात, ब्रॅकिस्टेजिया आणि जुल्बर्नार्डिया ही मुख्य झाडं. तीच कोळशाला चांगली. गंमत अशी की ती फुटतातही जोमाने. झांबियात इमॅन्युएल चिडुमायो या अभ्यासकाने अनेक वर्षं हे मोजलं आहे. तोडीनंतर रान मोकळं सोडलं तर बहुतेक खुंट पुन्हा उठतात आणि जातींची यादी फारशी बदलत नाही. बदलते ती भट्टीची जागा. मातीने झाकलेली भट्टी दिवसचे दिवस धुमसते, खालची माती भाजून निघते, मुळं आणि बी दोन्ही मरतात. ही जागा क्षेत्राच्या मानाने लहान असते, पण पुढची कित्येक वर्षं तिथे तण आणि मोजकी उपरी झुडपं सोडून काही येत नाही. तोडीच्या रानात चौकट टाकताना भट्टीच्या जागा टाळू नका. ‘ही जागा प्रातिनिधिक नाही’ म्हणून बरेच जण बाजूला सरकतात, आणि नेमका परिणामच निसटतो.

खरं नुकसान होतं ते निवडक तोडीने. पश्चिम आफ्रिकेतला टेरोकार्पस एरिनेसियस, आपल्या बिबळ्याचा जवळचा भाऊ, फर्निचरच्या तांबड्या लाकडासाठी आशियात जाऊ लागला तशी त्याची मोठी झाडं देशामागून देशातून नाहीशी झाली. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत त्याला साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मीळ जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घ्यावं लागलं. तुमच्या चौकटीत हा अजूनही सापडेल, कंबरेएवढ्या फुटव्याच्या रूपात. यादीत टिकची खूण होईल. पण बी धरणारं एकही झाड कोसभरात नसेल तर ती खूण कसली?

सालीचं आणि पाल्याचं तेच. बेनिनमध्ये खाया सेनेगलेन्सिस या महोगनीचा पाला फुलानी गुराखी कोरड्या ऋतूत गुरांना छाटून घालतात, साल हिवतापावर औषध म्हणून निघते. झाड मरत नाही, पण फुलायचं आणि फळायचं कमी करतं. खोड मोठं, छत्र भादरलेलं, खाली रोप नाही. तुमच्या तक्त्यात ते ‘परिपक्व वृक्ष’ म्हणून दिमाखात बसेल.

इथेच तुमच्या उत्तराची किल्ली आहे, म्हणून जरा थांबतो. एखाद्या जातीची झाडं घेरानुसार मांडा: बारीक किती, मध्यम किती, जाड किती. निरोगी रानात बारीक पुष्कळ आणि जाड थोडी असतात. इथिओपियातल्या उदाच्या झाडांचं, म्हणजे बॉसवेलिया पॅपिरिफेराचं, चित्र उलटं आहे. हा आपल्या सालईचा भाऊबंद. डिंकासाठी त्याच्या खोडावर वर्षानुवर्षं घाव घालतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बहुतांश ठिकाणी बारीक झाडं सापडलीच नाहीत. कित्येक दशकांत तिथे नवं झाड वर आलेलं नव्हतं. रोपं उगवतात, पण गुरं आणि आग त्यांना गुडघ्यावर चढू देत नाहीत. वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल असा त्या अभ्यासाचा अंदाज होता. आज तिथे जाऊन जाती मोजल्या तर सगळं आलबेल दिसेल.

पश्चिम आफ्रिकेच्या शेतांत शिआचं झाड आणि पार्किया ही दोन राखून बाकी तोडायची रीत फार जुनी आहे. १७९६ मध्ये मुंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी तिथून गेला तेव्हाही शिआची झाडं शेतात अशीच उभी होती. पार्किया हे झाडाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. शिआ फळायला पंधरा-वीस वर्षं लागतात, आणि रोप उभं राहायचं ते पडीकात. पडीक काळ आखडला, की शेतातली म्हातारी झाडं उभी आणि त्यांच्या मागे कोणी नाही.

आता आग. या विषयावर मी जरा जास्त बोलेन, कारण गैरसमज इथे सगळ्यात दाट आहेत.

नायजेरियात ओलोकेमेजी इथे १९२९ साली, आजच्या झांबियात एन्डोला इथे १९३३ साली आणि कोत दिव्वारमध्ये कोकोन्देक्रो इथे १९३६ साली जवळजवळ एकच प्रयोग सुरू झाला. रानाचे तुकडे पाडायचे. एक कधीच जाळायचा नाही, एक कोरडा ऋतू सुरू होताच जाळायचा, एक अगदी शेवटी, पावसाच्या तोंडावर. कित्येक दशकं हे चाललं. उशिरा जाळलेल्या तुकड्यांत गवत माजलं आणि काही जाड सालीची झाडं तेवढी उरली. आगीपासून राखलेल्या तुकड्यांत छत्र मिटलं, वेली चढल्या, सावलीतल्या जाती आल्या आणि ते सॅव्हाना राहिलंच नाही. लवकर जाळलेल्या तुकड्यांत सॅव्हाना वन टिकलं. म्हणजे आग तीच, माणूस तोच, आणि काडी लावण्याचा महिना बदलला की रान वेगळं.

कारण साधं आहे. ऋतूच्या सुरुवातीला गवत अर्धं ओलं असतं, आग खुरटी चालते, विझत विझत जाते, मागे ठिगळं सोडते. शेवटी सगळं कडकडीत वाळलेलं, वारा वाढलेला, उष्णता भाजून काढणारी. त्यातच झाडांना पालवी फुटायला लागलेली असते, साठवण खर्ची पडलेली असते, नेमका तेव्हा घाव बसतो. मालीच्या दक्षिणेत गावकरी ऋतू सुरू होताच वाळत जाईल तसं तुकड्यातुकड्याने जाळत जातात. जळलेले पट्टे पुढे उशिराच्या वणव्याला आडवे येतात. ‘आग बंद’ असा फतवा निघाला, की हे थांबतं, गवत साठतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये कुठून तरी ठिणगी पडतेच. राखीव क्षेत्रात आग लागत नाही असं कागदावर असतं. राखेला ते माहीत नसतं.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून असेच जाळण्याचे तुकडे राखले आहेत. चार दशकांनंतर मोजलं तेव्हा झाडांची संख्या आगीच्या वारंवारतेने फारशी बदललेली नव्हती. बदलली होती उंची. सारखी आग लागणाऱ्या तुकड्यांत तीच झाडं गुडघ्या-कंबरेला अडकून पडली होती. ज्वाळेच्या वर, म्हणजे दोन-तीन मीटरच्या पुढे, शेंडा गेला की झाड सुटलं. त्याआधी दर आगीला वरचं लाकूड मरतं आणि मुळापासून पुन्हा सुरुवात. दहा वर्षांची आगीची सुट्टी एकदा मिळाली तर एक अख्खी पिढी सुटून जाते.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘झुडूप’ या शब्दाकडे या नजरेने पाहा. तुमच्या झुडपांपैकी किती खरोखर झुडपाच्या जाती आहेत, आणि किती अडकून पडलेली झाडं? माझ्या अनुभवात गावालगतच्या चौकटीत निम्म्याहून अधिक ‘झुडपं’ दुसऱ्या प्रकारची निघतात. तक्त्यात ‘वृक्ष-विविधता’ आणि ‘झुडूप-विविधता’ असे दोन रकाने केले असतील, तर ते जातीनुसार केले की उंचीनुसार, हे स्पष्ट लिहा. उंचीनुसार केले असतील तर माणसाने वृक्ष-विविधता घटवली आणि झुडूप-विविधता वाढवली असा निष्कर्ष निघेल, आणि घडलं असेल फक्त एवढंच की झाडं बुटकी झाली.

चराईची गोष्ट उलट्या अंगाने जाते. गुरं गवत खातात, गवत कमी म्हणजे आग कमी, आग कमी म्हणजे काटेरी झुडपांना रान मोकळं. वर गुरंच बाभळीच्या आणि सिगमकाठीच्या शेंगा खाऊन बी शेणातून पेरत जातात. नामिबियात अडीच कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर अशी झुडपं दाटली आहेत, मुख्यतः सेनेगॅलिया मेलिफेरा आणि सिगमकाठी. लाकडी झाडोरा वाढला, विविधता घटली. त्या गचपणात मी मोजणी केली आहे, अंगात काटे घेऊन. एका चौकटीत सातशे खोडं आणि चार जाती. उपग्रहाच्या चित्रात तो पट्टा सगळ्यात हिरवा दिसतो.

गुरं-जनावरं-झाडं यांचं नातं किती लांबून ओढलं जातं, याची एक गोष्ट मी शिकवताना हमखास सांगतो. १८८० च्या दशकाच्या शेवटी बुळकांड्या रोग आफ्रिकेत शिरला आणि गुरं, रेडे, कुरंग सगळे झोपले. टांझानियात लेक मन्याराजवळ छत्रीसारख्या बाभळींचे एकाच वयाचे ताटवे आहेत. त्यातले काही त्या साथीनंतर उगवलेले, काही १९६१ मध्ये इम्पाला हरणांत फाशी रोग (अँथ्रॅक्स) पसरला तेव्हाचे. रोपं खाणारी तोंडं गेली आणि रोपं सुटली. सेरेंगेटीत उलटं झालं. पाळीव गुरांना बुळकांड्याची लस टोचली गेली, रोग हटला, आणि १९६० च्या सुमाराचे अडीचेक लाख वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाअखेर बारा लाखांच्या वर गेले. त्यांनी गवत खाल्लं, आगी कमी झाल्या, झाडं वाढली. गाईला टोचलेल्या सुईने रान दाट झालं. ‘मानवी हस्तक्षेप’ नावाचा एक रकाना करून त्यात एक ते पाच गुण द्यायची पद्धत मला पटत नाही, ती यामुळेच.

हत्तींचं थोडक्यात. शिकारीने हत्ती संपले तिथे झाडं दाटली. कुंपणात आणि कृत्रिम पाणवठ्यांभोवती ते कोंडले तिथे मारुला या फळझाडाची आणि गोरखचिंचेची मोठी झाडं उन्मळली. दोन्ही माणसाचीच कामं. तुमच्या राखीव क्षेत्रात पाणवठा असेल तर आतल्या चौकटींतली कमी विविधता तिथूनही आलेली असू शकते.

नांगराबद्दल मी नरम बोलू शकत नाही. कुऱ्हाड, आग, गुरं, या तिघांनंतरही मूळ जिवंत राहतं. कुदळीने केलेल्या शेतातही खुंट आणि मुळं शाबूत असतात, शेत सोडलं की दोन पावसाळ्यांत फुटवे कंबरेला येतात. ट्रॅक्टरने खुंट उपटून खोल नांगरट केली, की संपलं. सॅव्हानातल्या कित्येक जाती बियांवर फारशा अवलंबून नसतात, बी मातीत फार काळ टिकतही नाही. मूळ गेलं म्हणजे जात गेली. त्या जमिनीवर पुढे झाडं येतील, पण वाऱ्याने किंवा पक्ष्याने आणलेली मोजकीच. ब्राझीलच्या सेराडो सॅव्हानाचं क्षेत्र सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, आणि त्यातलं निम्मं शेतीत आणि कुरणांत गेलं आहे. तिथली झाडं जाड सालीची, आगीला न घाबरणारी. सोयाबीनच्या नांगराला कुठली साल पुरणार? पसरलेली मुंग्यांची आणि वाळवीची वारुळंही नांगराने सपाट होतात. वारुळावर वेगळी माती, वेगळी झाडं असतात, आफ्रिकेत एखाद्या वारुळावर आसपासच्या रानापेक्षा जास्त जाती सापडतात. ती सपाट झाली की विविधतेचा एक अख्खा जिना काढून घेतल्यासारखं होतं.

मूळ शिल्लक असेल तर काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण नायजरचं. मरादी भागात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झाडं लावून थकले होते, बहुतेक मरायची. मग त्यांच्या लक्षात आलं की शेतात सगळीकडे दिसणारी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांचे खुंट आहेत. नवीन लावण्याऐवजी खुंटावरचे दोन-तीन जोमदार फुटवे राखायचे, बाकी काढायचे. शेतकऱ्यांनी ते उचललं आणि पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास शेतजमिनीवर झाडं परत उभी राहिली. हे काम मला मनापासून आवडतं. पण तुमचा प्रश्न विविधतेचा आहे म्हणून सांगतो: परत आलेल्या झाडांत मोजक्या जातींचाच भरणा आहे. फेडर्बिया, गिएरा, कॉम्ब्रेटम, आणि पिलिओस्टिग्मा, हा आपल्या आपट्याचा नातलग. जे खुंट उरले होते ते, आणि त्यातून जे शेतकऱ्याला चालले ते. झाडोरा परतणं आणि विविधता परतणं यात फरक राहतोच.

माणसाने हात काढून घेतला की सगळं सुधारतं, हाही भ्रम. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात सान्ता बार्बारा इथल्या राखीव सेराडोत काही दशकं आग लागू दिली नाही. रान दाटलं, लाकडातला कार्बन वाढला, आणि पूर्ण दाटलेल्या भागात वनस्पतींच्या जाती २७ टक्क्यांनी, मुंग्यांच्या ३५ टक्क्यांनी घटल्या. घटल्या त्या सॅव्हानाच्याच जाती, ज्या जंगलात जगू शकत नाहीत. तुमच्या आतल्या चौकटींत जाती कमी का, याचं एक सरळ कारण हेही असू शकतं. शेवटची आग कधी लागली होती ते चौकीदाराला विचारा, नोंदवहीला नको. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या २८० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) ४२० च्या पुढे गेला आहे. विल्यम बाँड आणि गाय मिजली या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी २००० साली मांडलेला मुद्दा असा की या वायूमुळे जळलेलं झाड आधीपेक्षा लवकर उंची गाठतं आणि आगीच्या तावडीतून सुटतं. म्हणजे कुंपणाच्या आतल्या झाडांवरही आपला हात आहेच. आणि अशा मोकळ्या सॅव्हानाला ‘उजाड जंगल’ समजून निलगिरी, सुबाभूळ लावत सुटणं हा तर आगीपेक्षा आणि कुऱ्हाडीपेक्षा वाईट उद्योग. २०१५ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिकेतल्या एका आंतरदेशीय कार्यक्रमाचं लक्ष्य २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टर उजाड जमिनीवर झाडोरा परत आणायचं आहे. त्यातली किती जमीन मुळात सॅव्हाना आहे, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्यांना विचारलाच पाहिजे.

आता तुमच्या चाळीस चौकटींकडे. नवीन चौकटी टाकू नका, त्याच पुन्हा वापरा. तीस-चाळीस झाडांहून जास्त नोंदी असलेल्या प्रत्येक जातीचा घेर-आलेख आत आणि बाहेर वेगळा काढा. लहान झाडांचा घेर जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर घ्या. खुंट दिसला तर त्याची उंची, व्यास आणि फुटव्यांची संख्या लिहा. दोन चौकटींत जाती किती सामाईक आहेत, तेही काढा. बाहेरची प्रत्येक चौकट श्रीमंत आणि सगळ्या एकसारख्या, असं निघालं तर गावरानाची एकूण संपत्ती वाटते तेवढी नाही. प्रत्येक चौकट वेगळी निघाली तर आहे.

आणि एक कष्टाचं काम, जे बहुतेक जण टाळतात. प्रत्येक चौकटीत गुडघ्याखालची पाच-सहा ‘रोपं’ निवडा आणि कडेने वीतभर खणून पाहा. मूळ शेंड्याइतकंच बारीक असेल तर ते बियातून आलेलं रोप. खाली मनगटाएवढी गाठ लागली तर ते रोप नाही, तुमच्यापेक्षा वयाने मोठं असलेलं झाड आहे. माती परत नीट दाबून ठेवा. बाहेरच्या चौकटींत खरी रोपं किती निघाली तो आकडा मला कळवा, मग तुमच्या मार्गदर्शकांना काय सांगायचं ते आपण ठरवू.